साडेसात इंचांचा सेकंद

पहिला आवाज पाहुण्याचा नाही, यजमानाचाही नाही. पहिला आवाज ब्लूज गायिका बेसी स्मिथचा. पुरात घर गेलेल्या बाईचं गाणं, 'बॅकवॉटर ब्लूज', १९२७ सालचं ध्वनिमुद्रण, मागे जेम्स पी. जॉन्सनचा पियानो. गाणं संपतं आणि मग शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओ केंद्रावरचा मुलाखतकार स्टड्स टर्कल समोर बसलेल्या काळ्या अमेरिकन लेखकाला, जेम्स बाल्डविनला, विचारतो, हे ऐकताना तुला काय वाटलं? साल १९६१. बाल्डविनचा निबंधसंग्रह नुकताच आलेला. रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न पुस्तकाबद्दल यायला हवा होता. जन्म कुठला, शिक्षण कुठवर, लेखनाकडे कसे वळलात, हेही चाललं असतं. टर्कलने त्यातलं काहीच केलं नाही. त्याने तबकडी लावली.

गंमत अशी, की प्रश्न पुस्तकावरचाच होता. त्या संग्रहातल्या एका निबंधात बाल्डविनने ओझरतं लिहून ठेवलंय, की युरोपात असताना एका डोंगरातल्या गावी तो टाइपरायटर आणि बेसी स्मिथच्या दोन रेकॉर्डी घेऊन राहिला होता. शंभरातले नव्व्याण्णव मुलाखतकार या वाक्यावरून पुढे गेले असते. टर्कल तिथे थांबला, आणि पाहुणा स्टुडिओत यायच्या आधी त्याने तबकडी शोधून ठेवली.

मग बाल्डविन बोलायला लागतो. गाण्यातल्या कोणत्या गोष्टीने आपल्याला धरलं, ते सांगतो. प्रसंग जिवावर बेतलेला, आणि ही बाई म्हणते काय, तर घर पडलं, आता तिथे राहता येत नाही. बस्स, एवढंच. स्वित्झर्लंडच्या त्या बर्फातल्या गावात तो ही रेकॉर्ड रोज लावायचा आणि कादंबरीतले संवाद तिच्या आवाजाशी ताडून दुरुस्त करायचा. कादंबरी अडली होती, आणि अडली होती ती लाजेमुळे, हे तो त्याच ओघात सांगून टाकतो. आपण जिथून आलो त्याची लाज. बापाची, चर्चची, ब्लूजची, जॅझची, इतकंच काय कलिंगडाचीसुद्धा, कारण काळा माणूस म्हटला की कलिंगड ही गोऱ्यांची जुनी टवाळी. मुलाखत सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात. 'आपल्या लेखनामागची प्रेरणा काय?' असं विचारून ही लाज कुणाच्या तोंडून बाहेर आली असती, असं मला वाटत नाही.

१९६१ म्हटलं की पुण्याच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. १२ जुलै, पानशेत. माझी एक आत्या तेव्हा नदीकाठच्या पेठेत राहायची. पुराची गोष्ट ती आयुष्यभर एकाच चालीवर सांगत आली. "पाणी आलं. भिंत बसली. मग काय, राहायला जागाच उरली नाही." आणि लगेच पितळी डब्याची हकिकत सुरू, कारण तो डबा गाळातून परत मिळाला होता. सगळं वर्णन त्या डब्याचं. झाकण कसं चेपलं, आत काय होतं, चिंचेने घासून घासून तो कसा पुन्हा लखलखीत केला. घराबद्दल तीन वाक्यं, डब्याबद्दल अर्धा तास. बाल्डविनची टेप पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला बेसी स्मिथ कळली ती आत्यामुळे, आणि आत्या थोडीफार कळली ती बाल्डविनमुळे. आत्याला मात्र कुणी मायक्रोफोनसमोर बसवलं नाही. ती कलावंत नव्हती ना.

टर्कलने तिलाही बसवलं असतं, अशी माझी खात्री आहे.

हा माणूस घडला तो हॉटेलाच्या दिवाणखान्यात. जन्म १९१२ चा, न्यूयॉर्कचा. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. मुलगा लहान असतानाच कुटुंब शिकागोला आलं आणि पुढे आईवडिलांनी 'वेल्स-ग्रँड' नावाचं हॉटेल चालवलं. हॉटेल म्हणजे एकट्या पुरुषांची राहण्याची जागा. कामगार, कामाच्या शोधातले, युनियनवाले, युनियनला शिव्या घालणारे, निवृत्त म्हातारे. संध्याकाळी खाली वाद जुंपायचे आणि हा पोरगा ते ऐकत बसायचा. पुढे शिकागो विद्यापीठातून १९३४ साली कायद्याची पदवी घेतली, वकिली एक दिवसही केली नाही. रेडिओवरच्या मालिकांत गुंडांची कामं केली. नाव खरं तर लुई. 'स्टड्स' हे तेव्हा तो वाचत असलेल्या एका कादंबरीच्या नायकावरून चिकटलं. टेलिव्हिजनवर स्वतःचा कार्यक्रमही मिळाला, आणि कम्युनिस्ट हुडकून काढायच्या मॅकार्थीच्या काळात गेलाही, कारण त्याने भाडेकरूंच्या बाजूने, वर्णभेदाच्या विरोधात अशा नाना अर्जांवर सह्या केल्या होत्या. कम्युनिस्टांनी मला फसवून सह्या घेतल्या एवढं म्हण, की सुटलास, असा सल्ला त्याला मिळाला. तो म्हणाला नाही.

मग १९५२ मध्ये एकदा घरी रेडिओ लावलेला असताना नव्याच सुरू झालेल्या केंद्रावर डाव्या विचारांच्या लोकगायक वुडी गथ्रीचं गाणं लागलं. त्या काळात गथ्री वाजवणारं केंद्र म्हणजे आपलंच माणूस, असं समजून त्याने फोन केला आणि काम मागितलं. पैसे नाहीत म्हणाले. चालेल म्हणाला. त्या फोनवर पंचेचाळीस वर्षं निघाली. १९९७ पर्यंत तो त्याच केंद्रावर होता, आणि मागे राहिले ५,६०० च्या आसपास कार्यक्रम. लेखक, गायक, नट, नर्तक, वास्तुरचनाकार, विदूषक. २०१८ साली, त्याच्या जन्मदिवशी, १६ मे रोजी, हा संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. रात्री भांडी आवरली की मी त्यातलं एखादं लावते.

चर्चची गाणी गाणाऱ्या महालिया जॅक्सनचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. टर्कल तिच्या रेकॉर्डी शिकागोच्या रेडिओवर वाजवायचा, ती घराघरांत पोचायच्या कितीतरी आधी. १९५४ मध्ये तिला सीबीएस रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला तेव्हा लिहायला आणि बोलायला टर्कलच हवा, असं तिने सांगितलं. कंपनीचा माणूस देशनिष्ठेच्या प्रतिज्ञेचा कागद घेऊन आला. टर्कलने सही नाकारली. महालियाने त्या माणसाला ऐकवलं, की याला काढणार असाल तर दुसरी महालिया शोधा. कागद तिथेच राहिला, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. काळ्या बाईने गोऱ्या माणसासाठी १९५४ मध्ये असं उभं राहायचं, हे लक्षात घेऊन मग त्या दोघांच्या गप्पा ऐकाव्यात. त्यांतला मोकळेपणा फुकट आलेला नाही.

एवढं सगळं टेपवर करणाऱ्या या माणसाचं आणि टेपरेकॉर्डरचं मात्र कधी जमलं नाही. त्याला गाडी चालवता येत नव्हती, आयुष्यभर बसने हिंडला; तेच यंत्रांच्या बाबतीत. चुकीचं बटण दाबून नर्तकी मार्था ग्रॅहमची मुलाखत घालवली, नट मायकल रेडग्रेव्हची घालवली, हे तो स्वतःच सांगायचा. पण त्याचं म्हणणं असं, की आपण यंत्राशी झटापट करताना दिसलो की समोरच्याची भीती जाते. पाहुणाच वाकून बघतो, अहो ती चकती फिरत नाहीये. आणि एकदा पाहुण्याने आपल्याला मदत केली, की तो पाहुणा उरत नाही.

यावर आमच्या केंद्रावरच्या इंजिनिअरांचं मत काय झालं असतं, ते मी छापणार नाही.

आमचं केंद्र म्हणजे आकाशवाणी. मी तिथे काही वर्षं कॅज्युअल म्हणून निवेदन केलं, ड्यूट्या लावल्या, आणि मुलाखती घेतल्या. तेव्हा अजून स्पूलचा जमाना होता. टॉक्स स्टुडिओ, दाराला जाड कापूस, काचेपलीकडे इंजिनिअर, लाल दिवा. पाहुण्यांना आधी चहा, मग कंत्राटावर सही, मानधनाच्या पावतीवर महसुली तिकीट. टेप फिरायची सेकंदाला साडेसात इंच. हा आकडा डोक्यात एकदा बसला की माणसाच्या बोलण्याकडे बघण्याची नजरच बदलते. श्वास म्हणजे चार इंच. 'अं' म्हणजे तीन-चार. संपादन करताना टेप हाताने मागेपुढे ओढत हेडवर शब्द शोधायचा, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, पट्टीच्या खाचेत टेप ठेवून ब्लेडने तिरपा छेद द्यायचा, नको तो तुकडा काढून दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. गळ्यात टेपच्या माळा. पायाशी कचऱ्याच्या डब्यात लोकांचे श्वास.

एकदा संगीत नाटकांत उमेदीची वर्षं घालवलेल्या एक बाई आल्या होत्या. वय झालेलं, आवाज अजून खणखणीत. जुन्या आठवणी, गुरू, पहिली भूमिका, सगळं रांगेने झालं. त्यांनी ते आधी पुष्कळदा सांगितलेलं होतं हे कळत होतं. वाक्यं गुळगुळीत झाली होती. मग विचारलं, शेवटचा प्रयोग कुठे झाला? बाई थांबल्या. हातातल्या रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. सहा सेकंद तरी गेले असतील. म्हणजे पंचेचाळीस इंच. मग म्हणाल्या, "सोलापूरला. पैसे मिळाले नाहीत."

कार्यक्रम पंधरा मिनिटांच्या चौकटीत बसवायचा होता. वरून सूचना आली, मोकळ्या जागा काढा. निघाल्या. प्रसारणात प्रश्न आला आणि लगेच उत्तर आलं: सोलापूरला, पैसे मिळाले नाहीत. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, बाई मानधनाची तक्रार करतायत. त्या पंचेचाळीस इंचांत काय होतं ते मलाही सांगता येणार नाही, पण तक्रार नव्हती.

तेव्हापासून कुठलीही जुनी मुलाखत ऐकताना माझं अर्धं लक्ष उत्तरांकडे नसतं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे कोण, किती वेळ, कसं थांबलंय, तिकडे असतं. छापील मुलाखतीत हे कळायला मार्गच नाही. तिथे सगळेच हजरजबाबी.

पण टर्कल ऐकायला लागले आणि माझी ही थिअरी जरा डळमळली. कारण तो गप्प बसणारा श्रोता नाहीच. तो मधेच बोलतो, हुंकार देतो, हसतो, पाहुण्याचं वाक्य स्वतःच पुरं करायला धावतो, कधी गाण्याची ओळही म्हणून टाकतो. आवाज खरखरीत, सिगारने भाजलेला. आमच्या ड्यूटी ऑफिसरनी पहिल्या आठवड्यातच त्याला घरी पाठवला असता. आणि तरीही त्याच्यासमोर माणसं जे बोलतात ते दुसरीकडे बोलत नाहीत. म्हणजे ऐकणं आणि गप्प बसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडच्या चांगल्या मैफलीत पहिल्या रांगेतले जाणकार काय गप्प असतात? 'क्या बात है' योग्य समेला आलं की गवई खुलतो, आणि अवेळी आलं की आठ्या पडतात. टर्कलची दाद समेवर येते, कारण तो आधी सगळं वाचून, ऐकून आलेला असतो. त्याच्याकडची पुस्तकं खुणांनी, रेघांनी, शेऱ्यांनी भरलेली असत.

आपल्याकडे मुलाखत म्हटली की अजूनही सत्कारसमारंभाची छाया पडते. सुरुवातीला पुरस्कारांची यादी, मग 'आपला हा प्रवास कसा सुरू झाला?', मधे एक गमतीशीर आठवण, आणि शेवटी 'नव्या पिढीला काय संदेश द्याल?' हा शेवटचा प्रश्न कायद्याने बंद करायला हवा. संदेश द्यायला बसलेला कलावंत हा जगातला सर्वांत कंटाळवाणा कलावंत. अपवाद आहेत, आणि मोठे आहेत. विविध भारतीवरच्या 'उजाले उनकी यादों के'मध्ये कमल शर्मांनी चित्रपटसृष्टीतल्या माणसांशी केलेल्या सैल, आठवड्यांमागून आठवडे चालणाऱ्या गप्पा आठवा. किंवा अमीन सयानींनी तर नटनट्यांवर रेडिओवर चक्क खटलाच भरला होता, 'फिल्मी मुकदमा' म्हणून. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की सत्काराचा हार आपोआप उतरतो. कल्पना थिल्लर वाटते, पण माणसं बोलायची.

शिस्तीतली मुलाखत रेडिओला मिळाली ती युद्धातून, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. बीबीसीचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' २९ जानेवारी १९४२ ला सुरू झाला. एकाकी बेटावर अडकलात तर कोणत्या आठ तबकड्या न्याल, या एका प्रश्नावर तो आजही चालू आहे. पण सुरुवातीच्या काळात निवेदक रॉय प्लम्ली आणि त्याचे पाहुणे ज्या गप्पा मारत त्या आधी कागदावर लिहिलेल्या असत, कारण युद्धकाळात सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय मायक्रोफोनसमोर शब्दही काढायचा नाही. दोघं समोरासमोर बसून संवाद वाचायचे. आमच्याकडेही भाषणाची संहिता आधी द्यावी लागे. ती सवय कुठून आली, याचा थोडा उलगडा इथे होतो.

त्याच वर्षी, त्याच बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये, माणसांवर पाळत ठेवणाऱ्या सत्तेची '१९८४' ही कादंबरी पुढे लिहिणारा जॉर्ज ऑरवेल भारतासाठी कार्यक्रम तयार करत होता. तिथे त्याच्याबरोबर एक मराठी बाई काम करत होत्या, वेणू चितळे. त्या बातमीपत्रं वाचत, कार्यक्रमांत भाग घेत. ऑरवेल लिहायचा त्या साप्ताहिक बातमीपत्रांची मराठीतही भाषांतरं होऊन ती प्रसारित होत असत. पुढे १९५० मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी आली. 'व्हॉइस' नावाचं एक रेडिओ-मासिक ऑरवेलने १९४२ मध्ये काढलं होतं, कवितांचं. त्याच्या ध्वनिमुद्रणावेळचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, विल्यम एम्प्सन, उना मार्सन, मागे उभा उंच ऑरवेल, आणि साडीतल्या वेणू चितळे. याच छायाचित्रात नारायण मेनन आहेत, जे साठच्या दशकात आकाशवाणीचे महासंचालक झाले आणि नंतर मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचे कार्यकारी संचालक. एका टेबलाभोवती एवढी माणसं, आणि आपल्याला दिसतात ती फक्त ओठ मिटलेली.

कारण त्या टेबलावरचं बोलणं आता ऐकता येत नाही. ऑरवेलचा आवाजच उरलेला नाही. १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षं हा माणूस रेडिओवर काम करत होता, स्वतः मायक्रोफोनवर बोलतही होता, आणि त्याच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. संहिता आहेत. चिठ्ठ्याचपाट्या आहेत. त्याचा आवाज प्रसारणाला योग्य नाही, अशी वरिष्ठांची तक्रारसुद्धा फायलीत आहे. १९३७ मध्ये स्पेनच्या युद्धात घशातून गोळी आरपार गेली होती, त्यानंतर त्याचा आवाज पातळ झाला होता. आवाजाबद्दलची तक्रार टिकली, आवाज गेला. सरकारी दप्तर म्हणतात ते हे.

नोव्हेंबर १९४२ मध्ये त्याने एक काल्पनिक मुलाखत प्रसारित केली होती. पाहुणा 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट, तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी वारलेला. प्रश्नही ऑरवेलचे, उत्तरंही त्यानेच लिहिलेली, अर्थात स्विफ्टच्याच पुस्तकांतून उचललेल्या मतांवर बेतून. मला ही कल्पना फार आवडते. आज ती कागदावर वाचली की दोघंही सारखेच मुके.

टर्कलला ऑरवेलची आठवण भलत्या ठिकाणी यायची. अटलांटाच्या विमानतळावरची गोष्ट तो रंगवून सांगत असे. तिथल्या विनाचालकाच्या गाडीत तो बसलेला. दारं मिटता मिटता एक जोडपं घुसलं आणि यंत्राचा आवाज म्हणाला, उशिरा चढलेल्यांमुळे तीस सेकंद उशीर झाला आहे. सगळे त्या जोडप्याकडे रागाने बघायला लागले. टर्कल ओरडला, जॉर्ज ऑरवेल, तुझा काळ येऊन गेला रे! कुणी हसलं नाही. उलट आता त्याच्याकडेही तसंच बघायला लागले. शेवटी आईच्या मांडीवरच्या एका तान्ह्या बाळाला त्याने अदबीने विचारलं, यावर आपलं काय मत? बाळ खिदळलं. मुलाखत यशस्वी.

टेप महाग होती. पुसून पुन्हा वापरायची हा जगभरच्या रेडिओ केंद्रांचा रिवाज होता आणि त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'च्या सुरुवातीच्या वर्षांतलं फारच थोडं शिल्लक आहे. २०२२ मध्ये एका संग्राहकाकडे, लोकांनी घरी रेडिओसमोर बसून टेप केलेले नव्वदच्या वर हरवलेले भाग सापडले. त्यात गायक बिंग क्रॉस्बीही निघाला. आपल्याकडे तर निम्मा इतिहास असाच वाचलाय. १९५४ पासूनची रेडिओ संगीत संमेलनं, रात्रीचे राष्ट्रीय कार्यक्रम, यांतलं कितीतरी आज ऐकायला मिळतं ते कुठल्यातरी हौशी माणसाने घरातल्या स्पूलवर, पोराबाळांना दम देऊन, पंखा बंद करून टिपून ठेवलं म्हणून. त्या टेपांत मधूनच कुकरची शिट्टी येते, फेरीवाला येतो. आकाशवाणीच्या संग्रहातलंही बरंच आता यूट्यूबवर यायला लागलंय, ही चांगली गोष्ट. पण गाणं जपायचं एवढं सगळ्यांना कळत होतं. बोलणं जपायचं हे फार थोड्यांच्या डोक्यात आलं. यमन पुसायला हात कचरायचा; मुलाखत पुसायला नाही कचरायचा. गवई पुन्हा बोलेल की, असं वाटत असणार. पुन्हा बोलला तरी तेच बोलत नाही, हे मला त्या नाटकातल्या बाईंनी दाखवलं.

टर्कलचीच एक आठवण आहे, कलावंताची नाही. सरकारी गृहवसाहतीत राहणारी एक तरुण आई. दातांवर उपचार करायला पैसे नाहीत. पोरं भोवती नाचतायत, त्यांना टेपवर आईचा आवाज ऐकायचाय. बोलणं झाल्यावर त्याने टेप मागे घेऊन ऐकवली. तिने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, मला असं वाटतं हे मलाच माहीत नव्हतं. टर्कल हा प्रसंग मोठमोठ्या नावांच्या बरोबरीने सांगायचा. बाल्डविनच्या मुलाखतीच्या शेवटी त्याने विचारलेला प्रश्नही खरं तर तिथलाच: आता तू कोण आहेस? बाल्डविन म्हणतो, कोण ते कदाचित सांगता येईल, पण मी कोण नाही तेही हळूहळू कळतंय. प्रामाणिक माणूस व्हायचंय, चांगला लेखक व्हायचंय. होता येतं की नाही कुणास ठाऊक. अंदाजाने वाजवत राहायचं आणि पावसाची प्रार्थना करायची.

कुठून ऐकायला सुरुवात करू, असं मला कुणी विचारलं की मी बाल्डविन सांगत नाही. तो नंतर. आधी १९६३ मधला बॉब डिलन ऐकावा. बावीसही पूर्ण न झालेला पोरगा, गिटार घेऊन आलेला, स्वतःबद्दल बिनदिक्कत थापा ठोकणारा. टर्कलला त्या थापा कळत असाव्यात, पण तो त्याला पकडत नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस पोराला मनसोक्त बोलू देतो. मग डिलन 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' म्हणतो. क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचा, अणुयुद्धाचा घोर ताजा होता, वर्षसुद्धा झालं नव्हतं. टर्कल त्या पावसाचा अर्थ लावतो: हा पाऊस अणुबॉम्बचा. डिलन म्हणतो, छे, अणुबॉम्बचा वगैरे नाही, नुसता जोराचा पाऊस. पन्नास वर्षांच्या जाणत्या माणसाचा अंदाज पोराने हातोहात परतवला, आणि तोही ऐन मुलाखतीत. आमच्याकडे असतं तर ते दोन-तीन फूट टेप सहज डब्यात गेले असते. कुणी हरकतही घेतली नसती. टर्कलने प्रसारणात ते तसंच जाऊ दिलं.